काळीचे खोरे आणि यदृच्छेची भूमिती

गोव्याच्या सरहद्दीला लागून असलेला जोयडा तालुका, ज्याचे जुने कसब्याचे ठिकाण सुपा हे काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर होते आणि ते धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर ज्याची कचेरी जोयड्यास आली, तो मोजणीखात्याच्या नकाशावर जितका नीटनेटका दिसतो तितका प्रत्यक्षात नाही. नकाशावर हद्दी आहेत, गावठाणे आहेत, रस्ते आणि राखीव जंगलाच्या रेषा आहेत. परंतु ज्या गोष्टींनी हा मुलूख वस्तुतः भरलेला आहे, म्हणजे रानातील झाडे, डोंगरउतारावरून निघून काळीला मिळणारे असंख्य वहाळ आणि पायाखालच्या जांभ्यातील भोके, त्यांची एकेक करून नोंद कोणत्याही दप्तरात होणे शक्य नाही, आणि समजा कोणी चिकाटीच्या कारकुनाने ती केलीच, तरी त्या जाडजूड वहीतून त्या रचनेविषयी आपणांस कळेल असे फारच थोडे. कोणती वस्तू नेमकी कोठे आहे हे ठाऊक नसताना, किंबहुना ते ठाऊक असण्याने काही साधत नसताना, त्या वस्तूंच्या मांडणीविषयी निश्चयाने काय बोलता येते, हा प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे.

या विषयात गणित आणि पदार्थविज्ञान यांची भागीदारी कशी आहे यासंबंधी एक सोयीस्कर समजूत प्रचलित आहे: गणितज्ञाने हत्यारे घडवावीत आणि पदार्थवैज्ञानिकाने ती वापरावीत. गेल्या सत्तर-पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही. कधी पदार्थवैज्ञानिकाने उत्तर आधी सांगितले आणि सिद्धता पुढे कित्येक वर्षांनी आली. कधी गणितज्ञाने केवळ स्वतःच्या समाधानासाठी सिद्ध करून ठेवलेले प्रमेय दीर्घिकांच्या मोजणीत कामास आले. आणि एका ठिकाणी तर, ज्याचा उल्लेख शेवटी करावयाचा आहे, हा हिशेब आजही मिटलेला नाही.

झाडांपासून आरंभ करणे सोयीचे, कारण तेथे वस्तू बिंदुरूप मानता येतात. एखाद्या क्षेत्रात बिंदू एकमेकांची दखल न घेता, केवळ यदृच्छेने पडले असतील तर त्या मांडणीला फ्रेंच गणितज्ञ प्वासों यांचे नाव देतात, आणि पदार्थविज्ञानात आदर्श वायूचे जे स्थान आहे तेच बिंदुरचनांच्या शास्त्रात या मांडणीचे आहे: ती निसर्गात जवळजवळ कोठेच आढळत नाही, परंतु निसर्ग तिच्यापासून किती आणि कोणत्या दिशेने ढळला आहे हे विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. गंमत अशी, की हे ढळणे मोजण्याचे मान दोन्ही शास्त्रांनी एकमेकांस न विचारता निरनिराळे शोधले. द्रवपदार्थांतील अणू एकमेकांपासून किती अंतरावर राहणे पसंत करतात हे क्ष-किरणांच्या विखुरण्यावरून पाहणाऱ्यांनी एक फलन योजिले. १९७६ साली ब्रायन रिप्ली यांनी एका बिंदूभोवती ठराविक त्रिज्येच्या वर्तुळात सरासरी आणखी किती बिंदू सापडतात हे सांगणारे दुसरे फलन मांडले. आणि दोहोंची तुलना करता असे दिसले की दुसरे हे पहिल्याचेच समाकलन आहे. द्रवातील अणू आणि रानातील किंजळ हे एकाच खात्यात जमा झाले.

वनखात्याच्या माणसांना अर्थात एवढ्या सिद्धांताची वाट पाहण्याची फुरसत नसते. ऑस्ट्रियातील वनाधिकारी वॉल्टर बिटरलिख यांनी १९४८ साली एक युक्ती प्रसिद्ध केली, जी मला या सबंध शास्त्रातील सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटते. एक मीटर लांबीची काठी घ्यावी, तिच्या टोकाला दोन सेंटिमीटर रुंदीची आडवी पट्टी ठोकावी, दुसरे टोक डोळ्याशी धरून रानात एका जागी उभे राहावे आणि स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घ्यावा. छातीच्या उंचीवर ज्या झाडाचा बुंधा पट्टीहून रुंद दिसेल ते झाड मोजावे, अरुंद दिसेल ते सोडून द्यावे. अशी वीस झाडे भरली तर त्या जागी दर हेक्टरी सर्व बुंध्यांच्या आडव्या छेदांचे क्षेत्रफळ वीस चौरस मीटर आहे असे अनुमान निघते. मोजपट्टी लावायची नाही, अंतर मोजायचे नाही, गुणाकारसुद्धा करायचा नाही. कारण साधे आहे: जे झाड आपल्या व्यासाच्या पन्नास पटींहून जवळ असेल तेच मोजणीत येते, म्हणजे जाड झाड दुरूनही येते आणि बारीक झाड जवळ असेल तरच येते, आणि प्रत्येकाची मोजणीत येण्याची संभाव्यता त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या नेमक्या प्रमाणात असते. झाडे कशी का पसरलेली असेनात, उभे राहण्याची जागा यदृच्छेने निवडली की सरासरी बरोबर येते. येथे यदृच्छा रानात नसून मोजणाऱ्याच्या पायांत आहे.

उष्ण कटिबंधातील झाडे मात्र यदृच्छेने पसरलेली नसतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलई येथे १९८८ साली पन्नास हेक्टरांचे एक क्षेत्र कायमच्या मोजणीसाठी आखले. त्यासह जगातील अशा सहा क्षेत्रांची तुलना करून २००० साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की जवळजवळ प्रत्येक जातीची झाडे प्वासों मांडणीपेक्षा अधिक घोळक्याने उभी असतात, आणि दुर्मीळ जाती तर विशेषच. बी आईपासून फार दूर जात नाही हे त्याचे एक कारण. बांबूच्या बाबतीत हे घोळके डोळ्यांनाच दिसतात. त्यांना आपण बेट म्हणतो ते उगीच नव्हे. दांडेलीचा कागदकारखाना १९५५ साली स्थापन झाल्यावर त्या परिसरातील बांबूवर जो ताण आला त्याचा अभ्यास माधव गाडगीळ आणि नरेंद्र प्रसाद यांनी पुढे १९७० नंतरच्या दशकात केला, तेव्हा बेटाची अंतर्रचना किती महत्त्वाची असते हे प्रत्ययास आले. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जे जाळे असते ते साफ केल्यास बेट सुधारते, असा वनव्यवस्थापनाचा समज होता. प्रत्यक्षात त्याच जाळ्याच्या आड कोवळे कोंब जनावरांच्या तोंडापासून वाचत होते, आणि गावकरी हे आधीपासूनच सांगत होते. हेक्टरी बेटे किती हा आकडा दप्तरात बरोबर असूनही त्यावरून उत्पन्नाचा अंदाज का चुकू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

बिंदूंवरून आकारांकडे गेले की प्रश्न अवघड होतो, कारण आकाराचे वर्णन करणारे आकडे हवे तितके कल्पिता येतात आणि त्यांतील कोणते घ्यावेत हे कोणी सांगत नाही. ही अडचण बर्नचे गणितज्ञ ह्यूगो हाडविगर यांनी एका प्रमेयाने दूर केली. आकार हलवला वा फिरवला तरी जो बदलत नाही, आकार किंचित बदलल्यास जो एकदम उडी मारत नाही, आणि दोन आकार जोडले असता ज्याची बेरीज हिशेबी रीतीने होते, असा आकडा हवा असेल, तर बहिर्वक्र आकारांच्या बाबतीत त्रिमितीय अवकाशात असे मूळ आकडे चारच आहेत: घनफळ, पृष्ठफळ, पृष्ठाची एकूण सरासरी वक्रता, आणि तुकडे व भोके यांचा मेळ सांगणारा ऑयलरचा अंक. पाचवा शोधत बसणे व्यर्थ. मर्यादा घालणारे असे प्रमेय पदार्थवैज्ञानिकाच्या हाती पडणे ही मोठीच सोय होती, आणि १९९४ साली जर्मनीतील मेके, बुखर्ट व वॅग्नर यांनी हे चार आकडे विश्वातील दीर्घिकांच्या वाटणीस लावले.

चार वर्षांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील वरुण साहनी यांनी बी. एस. सत्यप्रकाश आणि सर्गेई शांदारिन यांच्यासह त्या चारांतून आणखी एक उपयुक्त गोष्ट काढली. घनफळाच्या तिपटीस पृष्ठफळाने भागले की जाडी, पृष्ठफळास वक्रतेने भागले की रुंदी, आणि वक्रतेस चार पायने भागले की लांबी, अशी तीन अंतरे मिळतात. ती तिन्ही सारखी असली तर गोळा, एकच मोठे असले तर दोरा, एकच लहान असले तर पापुद्रा. दीर्घिकांचे महासमूह दोऱ्यांसारखे आहेत की पापुद्र्यांसारखे, हा वाद त्यामुळे नजरेच्या हवाली न राहता आकड्यांच्या हवाली झाला. पुण्यातल्याच वैज्ञानिकांनी २०१७ साली जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा महासमूह सुमारे साठ कोटी प्रकाशवर्षे पसरलेला आहे. त्याच्या आकाराविषयी बोलायचे तर भाषा अखेर हीच लागते.

परंतु माझ्या मते या भागीदारीचा खरा कस नद्यांवर लागतो. काळी ही दिग्गीजवळ सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून, समुद्र पश्चिमेस जवळ असताना आधी पूर्वेकडे जाते आणि मग दक्षिणेस व पश्चिमेस वळून, १८४ किलोमीटर चालून कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. तिचे हे मोठे वळण खडकांच्या रचनेचे व सह्याद्रीच्या कड्याचे कृत्य आहे आणि त्यात यदृच्छेचा भाग नाही. पण त्या वळणाला येऊन मिळणाऱ्या शेकडो वहाळांचे जे फाटे आहेत, ते कोणत्याही नदीच्या खोऱ्यात एकाच जातीचे दिसतात. अमेरिकन जलअभियंता रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ साली दाखवले की प्रवाहांना प्रती लावल्या, म्हणजे डोंगरातील शेवटच्या टोकाला पहिली प्रत, अशा दोहोंच्या मिलाफाने दुसरी, याप्रमाणे चढत गेले, तर एका प्रतीचे प्रवाह पुढच्या प्रतीच्या तीन ते पाच पट असतात. लोकांस यात निसर्गाचा गूढ नियम दिसला. १९६६ साली रोनाल्ड श्रीव्ह यांनी तो भ्रम दूर केला: फाट्यांच्या सर्व शक्य मांडण्या समसंभाव्य मानल्या तरी मोठ्या खोऱ्यात हे गुणोत्तर चारच्या आसपास येते. म्हणजे जो नियम म्हणून मिरवत होता तो नियमाच्या अभावाचा परिणाम होता.

याहून अधिक बोलका आकडा जॉन हॅक यांचा. १९५७ साली त्यांनी व्हर्जिनियातील शेनांडोआ खोऱ्यात पाहिले की मुख्य प्रवाहाची लांबी खोऱ्याच्या क्षेत्रफळाच्या ०·६ या घाताच्या प्रमाणात वाढते. खोरी सर्व एकमेकांची लहानमोठी प्रतिरूपे असती आणि प्रवाह सरळ असते तर हा घात अर्धा यावयास हवा होता. वरचा एक दशांश कोठून आला? एड्रियन शाइडेगर यांनी १९६७ साली एक सोपी प्रतिमा मांडली: प्रत्येक प्रवाह उतारावर एक पाऊल खाली जाताना डावीकडे की उजवीकडे हे नाणे उडवून ठरवतो, आणि दोन प्रवाह भेटले की एक होतात. या गणनेत घात दोन तृतीयांश निघतो. जरा जास्तच.

येथे मुंबईचा संबंध येतो, आणि तो वाळूच्या ढिगावरून येतो. पेर बाक, चाओ तांग आणि कुर्ट वीजेनफेल्ड यांनी १९८७ साली एक कल्पित ढीग मांडला: चौरस खणांच्या पटावर एकेक कण टाकत जावे, एखाद्या खणात चार कण झाले की तो खण कोसळून चारही शेजाऱ्यांस एकेक कण देतो, आणि काठावरचे कण बाहेर सांडतात. लहानमोठ्या कोसळण्यांची मालिका कोणी मुद्दाम न जुळवताही निघते, एवढे संगणकाने दिसले. ते का, हे पटवून देणारे गणित मात्र कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक धर यांनी १९९० साली दिले. खण कोणत्या क्रमाने कोसळले याने शेवटच्या स्थितीत काहीच फरक पडत नाही, हे त्यांचे पहिले निरीक्षण. आणि त्यातून त्यांनी हे काढले की ढिगाच्या ज्या स्थिती पुनःपुन्हा येतात त्यांची संख्या, कोणता खण कोसळला की कोठे किती कण जातात हे मांडणाऱ्या सारणीच्या निर्धारकाएवढी नेमकी असते. दोन बाय दोन, म्हणजे चारच खणांचा पट घेऊन कोणीही हे कागदावर पडताळून पाहावे. प्रत्येक खणात शून्य ते तीन कण राहू शकतात, तेव्हा स्थिर स्थिती एकंदर २५६. निर्धारकाची किंमत येते १९२. उरलेल्या ६४ स्थिती आरंभी आल्या तर आल्या, एकदा गेल्या की परत येत नाहीत.

हा निर्धारक गणितज्ञांच्या जुन्या ओळखीचा होता. किरखोफ यांनी १८४७ साली विजेच्या जाळ्यांचा विचार करताना हेच दाखवले होते, की एखाद्या जाळ्यातील सर्व बिंदूंना जोडणारे, पण कोठेही वेटोळे न करणारे असे वृक्ष किती, याची संख्या असल्याच निर्धारकाने मिळते. म्हणजे वाळूच्या ढिगाची पुनःपुन्हा येणारी प्रत्येक स्थिती एकेका वृक्षाशी जुळते. आणि सर्व भूमीवर पोहोचणारा, वेटोळे न करणारा वृक्ष म्हणजे नदीचे खोरे नव्हे तर दुसरे काय? टाटा संस्थेतच घडलेले धर यांचे शिष्य सत्य मजुमदार यांनी १९९२ साली पदार्थवैज्ञानिकांच्या रीतीने असे काढले की असल्या यादृच्छिक वृक्षावर दोन बिंदूंमधील वाट त्यांच्या सरळ अंतराच्या पाच चतुर्थांश या घाताने लांबते. गणितज्ञ रिचर्ड केन्यन यांनी २००० साली ते सिद्ध केले. दोहोंत आठ वर्षांचे अंतर. क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढते असे धरले तर हॅकचा घात पाच अष्टमांश, म्हणजे ०·६२५ येतो: शाइडेगरपेक्षा निसर्गाच्या जवळ, पण अजूनही किंचित वर. उरलेला फरक यदृच्छेच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल, कारण खरा प्रवाह नाणे उडवत नाही. तो जमीन कापतो, आणि कापलेल्या जमिनीवरून पुन्हा तोच वाहतो. रॉड्रिगेझ-इतुर्बे आणि रिनाल्डो यांनी पाणी वाहून नेण्यात ऊर्जेचा खर्च कमीत कमी व्हावा अशी अट घातलेली जाळी तपासली, तेव्हा घात प्रत्यक्षाच्या आणखी जवळ आला. धर यांस २०२२ साली बोल्ट्झमन पदक मिळाले, आणि ते मिळवणारे ते पहिले भारतीय. पण ज्याला आज बीजगणितज्ञ ढिगाचा गट म्हणून अभ्यासतात ती शाखा त्यांच्या त्या एका निबंधाने किती वाढली हे पदकाच्या बातमीत कोणी सांगितले नाही.

आता जांभा. चिरेखाणीतून नुकताच काढलेला चिरा हातात घेऊन पाहिला तर त्यात नागमोडी नळ्या, पोकळ्या आणि त्यांच्यामधल्या लोहयुक्त कडक भिंती दिसतात. खाणीत तो मऊ असतो, वाऱ्यावर पडला की घट्ट होतो. पावसाळ्यात या खडकाच्या पठारावर पडलेले पाणी आत जिरते आणि कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पाणी पलीकडे निघेल की आतच अडेल, हे भोकांच्या एकूण घनफळावर अवलंबून नाही. भोके एकमेकांस मिळालेली आहेत की नाहीत यावर आहे. हा प्रश्न इंग्लंडात सायमन ब्रॉडबेंट यांच्यापुढे कोळशाच्या संशोधनसंस्थेत, विषारी वायूच्या मुखवट्यातील कोळसा वायूस कसा अडवतो या रूपाने आला, आणि जॉन हॅमर्सली यांच्यासह त्यांनी १९५७ साली त्यास गणिताचे रूप दिले: जाळ्यातील प्रत्येक दुवा एका ठराविक संभाव्यतेने उघडा, नाहीतर बंद, मग अनंतापर्यंत वाट असण्यास ती संभाव्यता किती हवी? उत्तर असे, की एक नेमका उंबरठा असतो, ज्याच्या खाली वाट कधीच नसते आणि वर नेहमीच असते. पदार्थवैज्ञानिकास यात पाण्याच्या बर्फ होण्यासारखे अवस्थांतर दिसले, आणि ते ऊष्मागतिकीच्या कोणत्याही बोज्याविना मिळाल्याने त्यास विशेष आनंद झाला.

चौरस जाळ्यावर दुव्यांचा उंबरठा अर्धा असावा असे अंदाज होते. हॅरिस यांनी १९६० साली तो अर्ध्याहून कमी नाही हे दाखवले, आणि हॅरी केस्टन यांनी १९८० साली तो अर्धाच आहे हे सिद्ध केले. वीस वर्षे केवळ एका अर्ध्यासाठी! उंबरठ्याजवळ गोष्टी कोणत्या घातांनी बदलतात हे पदार्थवैज्ञानिक तोवर सांगून मोकळे झाले होते, आणि जॉन कार्डी यांनी १९९२ साली एका आयताच्या आरपार वाट असण्याची संभाव्यताही सूत्रात मांडली. ते सूत्र त्रिकोणी जाळ्यावर स्टॅनिस्लाव स्मिर्नोव्ह यांनी २००१ साली सिद्ध केले. चौरस जाळ्यावर, जेथून केस्टन यांनी आरंभ केला, तेथे ते अजून सिद्ध झालेले नाही, ही गोष्ट मला नेहमीच थोडीशी लाजिरवाणी आणि पुष्कळशी उद्बोधक वाटते.

जाता जाता, हाच उंबरठा रानाच्या तुकड्यांसही लावतात. १९८७ साली रॉबर्ट गार्डनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी भूप्रदेश म्हणजे यदृच्छेने भरलेल्या चौकटींचा पट मानून विचार केला. चौकटींच्या अशा पटावर चारही बाजूंच्या शेजारावरून चालायचे तर सुमारे ५९ टक्के चौकटी रानाच्या असल्यावाचून आरपार वाट मिळत नाही. काळी व्याघ्रप्रकल्पाच्या रानास हा आकडा जसाच्या तसा लावू नये, कारण तेथील तोड रस्ते, खाणी, जलाशय यांच्या कडेने होते, यदृच्छेने नव्हे. परंतु वाट हळूहळू अरुंद न होता एकाएकी तुटते, एवढा इशारा त्यातून अवश्य घ्यावा.

जांभ्याची खरी अडचण ही, की तो त्रिमितीय आहे. सपाट पृष्ठावर एकतर पाण्याला आरपार वाट असते, नाहीतर दगडाची अखंड भिंत तिला आडवी जाते. दोन्ही एकदम असू शकत नाहीत, आणि केस्टन यांची सिद्धता याच एकतर-नाहीतरवर उभी आहे. चिऱ्याचे तसे नाही. त्याची भिंत उभी राहते, कारण दगड आरपार जोडलेला आहे. आणि ती पावसात पाझरते, कारण भोकेही आरपार जोडलेली आहेत. तीन मितींत दोघांनाही एकाच वेळी वाट मिळते. संगणकाने घनाकृती जाळ्याचा दुव्यांचा उंबरठा ०·२४८८ असा काढलेला आहे, पण त्याचे कोणतेही नेमके सूत्र नाही. आणि बरोबर त्या उंबरठ्यावर अनंत वाट असते की नसते, या सर्वांत साध्या प्रश्नाचेही सिद्ध उत्तर नाही. नसते, असे पदार्थवैज्ञानिक निःशंकपणे मानतात. दोन मितींत ते सिद्ध झाले आहे. बऱ्याच वरच्या मितींत वाटांना इतकी मोकळीक असते की त्या पुन्हा एकमेकींस क्वचितच भेटतात आणि सर्व रचना वृक्षासारखी वागते. त्या आधारावर हारा आणि स्लेड यांनी १९९० साली मार्ग काढला, आणि २०१७ साली फिट्झनर व फान देर होफस्टाड यांनी तो अकरा मितींपर्यंत खाली आणला. तीन ते दहा या मिती मध्येच राहिल्या आहेत, आणि तेथे ना सपाट पृष्ठाचा एकतर-नाहीतर चालतो, ना वाटांची ती मोकळीक पुरते.